एक ईस न् सोळा

त्या दिपोटीचा मला अजून राग येतो. शाळा तपासायला तो वर्षातून एकदा साताऱ्याहून यायचा आणि आमच्याबद्दलचं मत घरूनच बांधून आणायचा.

म्हसवडजवळच्या वाडीत आमचं घर मेंढरांवर चालायचं. मी आणि माझी थोरली बहीण एकाच इयत्तेत, दुसरीत होतो, कारण तिला शाळेत उशिरा घातलं होतं. लढाईचे दिवस. चुलते पलटणीत गेलेले, मेंढरांमागं जायला माणूस उरलं नव्हतं. वडिलांनी सरळ सांगून टाकलं, "दोघी साळंत बसून चालायचं न्हाई. दिपोटीम्होरं जी चांगली निघंल ती शिकंल. दुसरी मेंढरांमागं."

हिशेबात बहिणीचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. आईनं तिला विसाविसानं मोजायला शिकवलं होतं. वीस म्हणजे एक ईस, चाळीस म्हणजे दोन इसा. सकाळी मेंढरं बाहेर पडायला लागली की किती गेली आणि आत किती राहिली, हे ती बोटं न मोडता सांगायची. माझं उलटं होतं. पाठांतर चोख, एकापासून शंभरापर्यंत सुलट म्हणा की उलट, घडाघडा म्हणायची. वजाबाकी आली की घाम फुटायचा.

गुरुजींना तिची रीत चांगली माहीत होती. त्यांच्या आईचंही सगळं मोजणं इसातलंच, हे त्यांनीच एकदा वर्गात हसत हसत सांगितलं होतं.

परीक्षेच्या दिवशी दिपोटीनं बहिणीला उभं केलं. "त्रेसष्टातून सत्तावीस गेले. तोंडी सांग."

तिनं डोळे मिटले. काय करत असेल ते मला ठाऊक होतं. त्रेसष्ट म्हणजे तीन इसा न् तीन. त्यातली एक ईस काढली, उरल्या दोन इसा न् तीन. अजून सात काढायचे; त्यातले तीन त्या तिनातच भागले, राहिलेले चार दोन इसांतून काढले. ना पाटी, ना हातचा.

"येक ईस न् सोळा," ती खणखणीत बोलली.

वर्ग हसला. दिपोटीही हसला. "हे कसलं उत्तर? आकडा सांग."

"सांगितला की, सायेब."

"चूक. बस खाली." त्यानं कागदावर फुली मारली.

मी गुरुजींकडं पाहिलं. मेल्यानं टोपी सारखी केली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का त्याची?

मग दिपोटीचं बोट माझ्याकडं वळलं. "तू सांग."

ती वजाबाकी मला सात जन्मांत आली नसती. पण वीस आणि सोळा किती होतात, ते येत होतं.

"छत्तीस," मी म्हणाले.

"शाबास!" दिपोटी म्हणाला. गुरुजींनी जोरजोरात मान डोलावली आणि संध्याकाळी घरी येऊन वडिलांना निकालही त्यांनीच सांगितला. मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही.

पुढं मी सांगलीला शिकले, मास्तरीण झाले. पोरांना तोंडी हिशेब मी तिच्याच रीतीनं शिकवला आणि नाव माझं झालं. दिपोटी अडाणी होता, गुरुजी भित्रा होता, हे मी कुणालाही तावातावानं सांगते. मी कोण होते, हे सांगायची वेळ आली की माझा ताव उतरतो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी घेऊन निघाली होती. मी धावत तिच्यामागं गेले आणि म्हणाले, "अगं, तुझं उत्तर बरूबर हुतं."

ती थांबलीसुद्धा नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मला काय सांगतीस? तवा बोलायचं हुतंस."