सेव्ह न झालेली चाल

या सदरातले अमानवीय अनुभव मी हसायला वाचतो, हे आधीच सांगून टाकतो... मी मोटार रिवायंडिंगवाला माणूस. कुठून आवाज आला की वायर शोधायची, एवढंच मला माहीत. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय.

गाव वडवणी. एसटीडी बूथ गल्लोगल्ली झाले होते आणि कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या नुकत्याच लागत होत्या, तेव्हाची गोष्ट. माझी बायको सुमन आमच्या गल्लीतल्या बायकांच्या शिवभजन मंडळात पेटी वाजवायची. जुन्या पदांना स्वतःच्या चाली लावायची. काविळीनं ती गेली. पेटी तिच्या माहेरची, ती नांदूरघाटला तिच्या बहिणीकडे गेली. चाली तेवढ्या माझ्या डोक्यात राहिल्या, आणि त्याही पुसट होत चालल्या होत्या. एकदा एका पदाचा अंतराच आठवेना... त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना कीबोर्ड घेतला आणि दुकानाच्या बिलांसाठी आणलेल्या कॉम्प्युटरला जोडला. रेकॉर्डिंगचं परवडेल असं सॉफ्टवेअर निवडायला माझा मित्र बशीर बीडहून दोन सीडी घेऊन आला. तिथं त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. एक सॉफ्टवेअर फुकटचं, पण त्यात सूर दाबल्यावर उशिरा वाजायचा. दुसरं झकास, पण डेमो — सगळं करू द्यायचं, फक्त सेव्ह करू द्यायचं नाही.

"आधी डेमोवर हात बसव," बशीर म्हणाला. "जमलं तर पूर्ण घेऊ. उगं आत्ताच कशाला पैसे घालायचे?"

पेटी मी सुमनकडूनच शिकलेलो. त्यामुळे उजवा हात कीबोर्डवर आणि डावा आपोआप मागं जायचा, नसलेला भाता हलवायला. बशीर पोट धरून हसला. "अबे, याला हवा लागत न्हाई, लाईट लागते."

कीबोर्ड साधा होता. सूर जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. स्क्रीनवर प्रत्येक सुराखाली आवाजाची एक उभी रेघ यायची, आणि सगळ्या रेघा एकाच उंचीच्या.

दोन-चार दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर मी सुमनची एक चाल वाजवली आणि रेकॉर्ड झालेलं लावलं.

पहिल्याच ओळीला सूर भरून आला आणि हळूच ओसरला. अंतऱ्याआधी सुमन भाता सोडून द्यायची, सूर पार बारीक व्हायचा, आणि मग ती एकदम उचलायची. "झोप लागली का गं?" म्हणून मी चिडवायचो तिला. अगदी तसं... तसंच झालं.

दुकानामागच्या खोलीतून आई म्हणाली, "सुमन कवा बसली रं पेटीवर?"

जरा वेळानं येऊन उंबऱ्यात टेकली. "लाव पुन्यांदा," एवढंच म्हणाली.

स्क्रीनवर रेघा वरखाली झालेल्या होत्या. बोटं माझी होती, चुकासुद्धा माझ्याच. भाता तिचा होता.

मी स्पीकरची वायर बदलली. व्होल्टेज हलतंय का म्हणून मीटर लावला. दुसरं काहीतरी वाजवून रेकॉर्ड केलं, तर रेघा सपाट. पहिलं पुन्हा लावलं — तसंच. सेव्हचं बटण फिकट पडलेलं, कितीही दाबा. बूथवरून बशीरला फोन केला.

"बंद करू नको बे," तो म्हणाला. "लई घाई कर, टेपवर घे."

आमचा टेप मीच खोलून ठेवलेला, स्क्रूसुद्धा सापडेनात. चाल वाजती ठेवून आईला तिथंच बसवलं आणि मंडळातल्या एका मावशींकडून टेप आणि कॅसेट घेऊन पळत आलो. दारात पाऊल ठेवलं तर पंखा थांबत होता. लाईट गेली होती. नेहमीचीच गेली, त्यात काही अमानवीय नाही.

आई काळ्या स्क्रीनसमोर बसलेली.

"तू गेल्यावर लई गोड वाजलं," ती म्हणाली. "मी म्हनले तिला, बस गं अजून थोडी. तेवढ्यात लाईट गेली."

मी टेप कडेवर घेऊन तसाच उभा राहिलो. रडलो, लपवत नाही.

बशीरनं नंतर कॉम्प्युटर उघडून कार्ड तपासलं, केबल तपासली. काही सापडलं नाही. मलाही आजवर नाही. पूर्ण सॉफ्टवेअर घेतलं, तिच्या आठवल्या तेवढ्या सगळ्या चाली त्यात घातल्या. मंडळातल्या बायका त्यावरून नव्या मुलींना शिकवतात. रेघा मात्र सगळ्या एका उंचीच्या.

चाल वाजवून झाली की मी रेकॉर्डिंग लगेच थांबवत नाही. उठतो, खुर्ची मोकळी करतो आणि बाजूला जाऊन बसतो. थोड्या वेळानं सेव्ह करतो. त्यात काही नसतं... तरी सेव्ह करतो.