समोरच्या घरातले आठ दिवस

रुग्णालयाच्या तळघरात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायची एक लांबट खोली होती. त्या खोलीत तिने एकोणीस वर्षं काढली होती. वरून वापरलेले ट्रे यायचे. ते धुवायचे, कात्र्या-चिमटे मोजून पुन्हा मांडायचे, कापडात बांधायचे आणि वाफेच्या यंत्रात सरकवायचे. मोजताना तिचे ओठ हलायचे, म्हणून सगळे तिला मोजणीबाई म्हणत. वरच्या नर्सही नियम म्हणून ट्रे पुन्हा मोजायच्या, पण तिच्या हातचा आकडा कधी चुकला नव्हता.

एका मंगळवारी तो चुकला. पेशंट टेबलावर, डॉक्टर हात धुऊन तयार, आणि एक चिमटा कमी. दहा मिनिटं सगळं खोळंबलं. चिमटा शेवटी धुण्याच्या टाकीच्या तळाशी सापडला. पेशंटच्या केसालाही धक्का लागला नाही, पण त्या दिवसापासून मोजणीबाई प्रत्येक ट्रे तीन-तीनदा मोजायला लागली.

मेट्रनबाईंनी तिला बोलावलं. समोर रजेचा तक्ता होता.

"सहा वर्षांत सलग तीन दिवसही घरी राहिलेल्या दिसत नाही तुम्ही."

"राहिले की. सासऱ्यांच्या मोतीबिंदूला चार दिवस घेतले होते."

"त्याला सुट्टी म्हणत नाहीत," मेट्रनबाई म्हणाल्या. "सोमवारपासून आठ दिवस तुम्ही मला इथे दिसायच्या नाहीत. आणि घरी बसून राहू नका. कुठेतरी जा."

कुठे जाणार? तळघरात तिच्या पलीकडच्या टेबलावर काम करणारी मुलगी दरवर्षी परदेशी जायची. विमानात बसल्याशिवाय सुट्टी अंगी लागत नाही, असं तिचं ठाम मत होतं. मोजणीबाईला गावाबाहेर पडणंही जमण्यासारखं नव्हतं. सासरे एक्याऐंशीचे, त्यांना सगळ्याचा विसर पडत चाललेला. दिवसाकाठी सात गोळ्या, आणि दाराला वरची कडी घातली नाही तर ते सरळ चालू लागत. ती कामावर असताना नवरा घरी, नवरा छापखान्यात असताना ती घरी, असं त्यांचं गाडं चाललेलं.

वाट काढली ती समोरच्या दारातल्या भूगोलाच्या बाईंनी. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने परदेशी निघाल्या होत्या.

"माझ्या घरी राहा," त्या म्हणाल्या. "झाडांना पाणी घाल, पुस्तकं वाच, झोप. एकच अट. आठ दिवस स्वतःच्या घराची बेल वाजवायची नाही."

"चार पावलांवर जाऊन कसली सुट्टी, बाई?"

"तुझ्याशिवाय तिकडचं चाललं की तुझी सुट्टी. मग ते घर चार पावलांवर असो नाहीतर चार हजार मैलांवर."

नवऱ्याने छापखान्यात आठ दिवसांची रजा टाकली. नणंदेने फोनवरून विचारलं, "म्हणजे वहिनी समोर बसून राहणार आणि तू बाबांचं करणार? लोकांना सांगायचं तरी काय?" नवऱ्याने फोन ठेवला आणि गोळ्यांची डबी पुढे ओढली. मोजणीबाईने त्याला दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा तो म्हणाला, "अगं, मला वाचता येतं."

सोमवारी सकाळी ती एक पिशवी घेऊन समोर गेली.

दोन्ही घरांच्या मध्ये जिन्याचा चौक होता, पण मागच्या बाजूला दोन्ही स्वयंपाकघरांची भिंत एकच होती. हे आधी तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने भूगोलाच्या बाईंच्या ओट्याशी उभं राहून स्वतःचं घर ऐकलं. नळ सुटला. भांडं पडलं. सासऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई कुठंय?" नवरा म्हणाला, "सुट्टीवर." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. अकरा वेळा विचारलं त्यांनी. तिचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली आणि पलीकडे काहीच हालचाल नाही.  तिने चपला पायात सरकवल्या, काढल्या, पुन्हा सरकवल्या. वीस मिनिटांनी फुलपात्राचा आवाज आला तेव्हा तिने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. आठ दिवसांत झोप काढायची ठरवली होती. दोन रात्रींत तिचा डोळा लागला नव्हता.

बुधवारी सकाळी ती गॅलरीत झाडांना पाणी घालत होती. सहज खाली पाहिलं, तर सासरे रस्त्यावर.

इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा, काखेत उशी. फूटपाथच्या कडेने ते झपाझप चालले होते, कुठे जायचंय हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसासारखे. कोपऱ्यावर न थांबता उजवीकडे वळले. एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला.

तिच्या हातातलं भांडं तिथेच पडलं. दार उघडून ती जिन्याकडे धावली आणि त्याच क्षणी समोरचं दार उघडलं. नवऱ्याच्या अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण होता.

"उजवीकडे वळलेत," ती म्हणाली. "चला, मी पण—"

"तू आत जा."

"अहो, टेम्पो अंगावर आला होता आत्ता."

"मी जातोय ना." तो दोन पायऱ्या उतरून थांबला. आवाज खाली आला. "तू आलीस की मी पुन्हा नुसता तुझ्या मागून चालेन. आत जा."

तो गेला. ती चौकात उभी राहिली. दोन्ही दारं सताड उघडी होती. तिच्या घरात गॅसवर दूध होतं, ते तिला तिथूनच दिसत होतं. तिने आत जाऊन गॅस बंद केला. बेल वाजवली नव्हती, एवढंच. बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि भूगोलाच्या बाईंच्या घरात परत गेली. अख्ख्या आयुष्यात तिला काही जड गेलं असेल तर ती तीन-चार पावलं.

त्यानंतरचा सव्वा तास तिने कसा काढला, ते तिला नंतर सांगता आलं नाही. नवऱ्याचा फोन घरातच राहिलेला. तिने दोनदा लावला, दोन्ही वेळा तो भिंतीपलीकडेच वाजून थांबला. गॅलरीत उभी राहिली की कोपऱ्यावरची प्रत्येक पांढऱ्या केसांची व्यक्ती सासऱ्यांसारखी दिसे. आत आली की रुग्णालयाच्या गाडीचा भोंगा ऐकू आल्याचा भास होई. दोनदा ती जिन्यापर्यंत गेली. तिला स्वतःचा राग येत होता, नवऱ्याचा येत होता, मेट्रनबाईंचा तर फारच येत होता. माणूस हरवलाय आणि आपण सुट्टी करतोय.

मग जिन्यावर पावलं वाजली. एक जोडी सरकती, एक लंगडती. तिने दाराच्या भोकाला डोळा लावला. सासरे पुढे होते, उशी तशीच काखेत. नवऱ्याच्या पँटचा गुडघा फाटलेला, गालावर साबण वाळून पांढरा पडलेला. त्याने तिच्या दाराकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. आली माणसं.

भिंतीपलीकडे चहाचं आधण चढलं. सासरे कसली तरी तक्रार करत होते, नवरा "हो साहेब, हो साहेब" म्हणत होता. ते ऐकत ती बाईंच्या पलंगावर टेकली आणि झोपली. जागी झाली तेव्हा उन्हं कलली होती. दुपारच्या गोळ्या कुणी कधी दिल्या, तिला पत्ता नव्हता.

उरलेले दिवस ती जेवली, झोपली, बाईंचा जाडजूड नकाशांचा ग्रंथ मांडीवर घेऊन बसली. ऐकू यायचं ते यायचंच, पण आता ते शेजाऱ्यांच्या घरातलं वाटायचं.

नवव्या दिवशी ती घरी आली तेव्हा नवऱ्याने सगळं सांगितलं. सासरे थेट टपालाच्या जुन्या कचेरीत गेले होते, जिथे त्यांनी चौतीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. एका नव्या गादीवर बसून, उशी पत्रांच्या थैलीसारखी पुढे ठेवून ते मालकाला ठणकावत होते की माझी रजा संपली, मला हजर करून घ्या. मालक भला माणूस, त्याने पाणी दिलं. नवरा मात्र त्याआधी तीन गल्ल्या चुकला होता, आणि धावताना आपटला होता.

"घाबरलात?"

"फार," तो म्हणाला. "तू रोज अशी घाबरत असतेस का?"

 तिने गोळ्यांची डबी उघडली. सकाळच्या गोळ्या संध्याकाळच्या कप्प्यात, संध्याकाळच्या सकाळच्या. पण सगळ्या होत्या, आणि प्रत्येक कप्प्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती. ती बदलायला तिचा हात पुढे झाला. मग तिने डबीचं झाकण लावलं.

"माझे हे आठ दिवस काही सुट्टीत धरायचे नाहीत," नवरा गुडघा चोळत म्हणाला. "बाई यायला अजून दीड महिना आहे. मला चार दिवस पाहिजेत."

"तिथे करणार काय तुम्ही?"

"काहीच नाही."

आतून सासऱ्यांनी हाक मारली. दोघंही एकदम उठली. ती परत खाली बसली, आणि तो आत गेला.