भिंगरीच्या छतावरचा रस्ता

लग्नाच्या पोशाखांवर भरतकाम करणाऱ्या त्या कारखान्यात आत्याचा हात सगळ्यांत बारीक. तिचा टाका बघायला भिंग लागतं असं बरोबरीच्या बायका म्हणायच्या, आणि ते ऐकून आत्या मनातल्या मनात फुगायची. घरी मात्र तिनं कधी साधा रुमालही भरला नव्हता. "दिवसभर सुई धरल्यावर घरी आणखी सुई दिसली की माझं डोकं उठतं," असं म्हणत ती स्वतःचं तुटलेलं बटणसुद्धा भावजयीपुढे सरकवायची.

राहायची ती धाकट्या भावाकडे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. सकाळी खाली मान घालून कामावर, संध्याकाळी खाली मान घालून परत. घरात तिचं खरं गूळपीठ भावाच्या मुलीशी. पोरगी आठ वर्षांची, एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

ही भिंगरी शाळेच्या कुंपणावरून पडली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. उताणं पडून राहायचं, कूससुद्धा बदलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सुरुवातीचे दिवस कोडकौतुकात गेले. मग तिनं घरादाराला फैलावर घ्यायला सुरुवात केली. पुस्तक वर धरून हात भरून यायचे. खिडकी नेमकी डोक्यामागे, आणि पलंग फिरवायला खोलीत जागा नाही.

एका संध्याकाळी आत्या जवळ बसली होती. भिंगरी वर बघत म्हणाली, "ती चीर आहे ना आत्या, ती मला पाठ झालीय."

"कुठली गं?"

"तिथून नाही दिसायची. इथे झोप."

आत्या अवघडत तिच्या शेजारी आडवी झाली. वर नुसतं पांढरं छत आणि कोपऱ्यापर्यंत गेलेली एक चीर. पोर दिवसभर एवढंच बघते? आत्या उठली ती तडक कपाटाशी गेली आणि एक जुनी पांढरी चादर काढून बसली. भावजय बघतच राहिली. "ताई, तुम्ही? घरी? सुई?"

"तू तुझी भाजी बघ," आत्या म्हणाली.

तिनं वेली भरल्या, पानं भरली, पानाआड बसलेले पक्षी भरले; दोऱ्याचा एकच पदर घेऊन, अगदी कारखान्यातल्यासारखं. भावानं छताला आकडे ठोकले, चादरीला बंद लावले आणि चादर वर ताणून बांधली. शेजारीपाजारी बघून गेले, वाहवा झाली.

"छान आहे," भिंगरी म्हणाली.

आत्याच्या मनात पाल चुकचुकली. ही कार्टी इतकं सभ्य कधी बोलते? "खरं काय ते सांग."

"मुंग्या लागल्यासारखं दिसतंय."

"अगं, असं बोलतात का?" आई ओरडली. पण आत्या केव्हाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली होती. तिच्या टाक्याला आजवर नाव ठेवायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मात्र कामावरून आल्याआल्या ती चप्पल काढून सरळ पलंगावर आडवी झाली. वर पाहिलं. मुंग्याच होत्या! पानं नाहीत, पक्षी नाहीत, मुंग्यांची रांग चाललेली. आत्याला असं हसू फुटलं की पलंग गदागदा हलायला लागला.

"पाय! आत्या, माझा पाय!"

"चुकलं गं बाई," आत्या डोळे पुसत म्हणाली. "बोल, काय हवंय तुला?"

"फुलं नकोत. रस्ता हवा. बाहेर काय चाललंय ते."

आता आली का पंचाईत! ज्या रस्त्यानं आत्या वर्षानुवर्षं येत-जात होती, त्यावर काय आहे ते तिला धड सांगता येईना. सलूनचं दार निळं की हिरवं? "तू रोज जातेस ना तिथून?" भिंगरीनं विचारलं.

दुसऱ्या सकाळी ती मान वर करून निघाली. दार निळं होतं. किल्लीवाल्याच्या टपरीला किल्ल्यांच्या माळा होत्या. फळवाली आपल्या छत्रीखाली पाय पसरून बसलेली, आणि तिच्या गाडीखाली एका कानाचं तपकिरी कुत्रं. आत्या इतका वेळ बघत उभी राहिली की किल्लीवाला म्हणाला, "काय हरवलंय का बाई?"

"तुमची टोपी बघतेय. डावीकडे झुकते का उजवीकडे?"

किल्लीवाल्यानं टोपी काढून स्वतःच निरखून पाहिली.

मग सगळा प्रकार सांगावा लागला. संध्याकाळपर्यंत ही बातमी रस्ताभर झाली.

आत्यानं आता लोकर आणली आणि मोठ्या नेढ्याची सुई. कारखान्यात नव्या मुलीनं असला बोटभर टाका घातला असता तर तिनं स्वतः उसवायला लावला असता. इथे तीच मांडीवर दुसरी कोरी चादर घेऊन पलंगाशी बसायची आणि लांबच लांब टाके हाणायची. जेवणाआधी भाऊ चादर वर बांधायचा. रस्त्यावर रोज काही ना काही नवं यायचं. सलूनच्या दारात पेंगणारा गुबगुबीत सलूनवाला आला, फळवालीची छत्री आली, टपरीकडे तोंड केलेला किल्लीवाला टोपीसकट आला, कुत्रं आलं. कुत्र्याचा तुटका कान भिंगरीनं पडल्यापडल्या स्वतः भरला. तो वाकडा झाला, पण मुळातही तो सरळ नव्हताच.

रस्त्यावरचे लोकही आत्याला हटकायला लागले. "आज कुणाचा नंबर?" फळवाली विचारायची आणि पिशवीत गुपचूप एखादं फळ टाकायची. आत्या थांबायची, दोन शब्द बोलायची. घरी यायला उशीर व्हायला लागला, तशी भावजय नवऱ्याला म्हणाली, "ताईंना वाचा फुटलीय हो!"

प्लास्टर निघालं आणि भिंगरी कुबड्या घेऊन पहिल्यांदा खाली उतरली, तेव्हा तिची ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. ती घडाघडा बोलत सुटली. सलूनवाल्याला म्हणाली, "तुम्ही आमच्या छतावर झोपलाय!"

"मग एकदा बघायलाच हवं," तो म्हणाला.

आणि सुट्टीच्या दिवशी सगळे खरंच आले. उभं राहून काही नीट दिसेना, तेव्हा भिंगरीनं हुकूम सोडला, एकेकानं आडवं व्हायचं. भावजयीनं घाईघाईनं पलंगावर धुतलेलं पांघरूण घातलं. फळवाली लाजत लाजत झोपली आणि आपली छत्री बघून तोंडाला पदर लावून हसत सुटली. सलूनवाला आडवा झाला तसा पलंग करकरला. "पोट एवढं मोठं नाहीये माझं," तो वर बघत म्हणाला.

"आहे," सगळे एकदम म्हणाले.

शेवटी किल्लीवाला झोपला. त्यानं रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखला. आत्या दारात ओढणीचं टोक पिळत उभी. मग तो हळूच म्हणाला, "सगळं झकास आहे बाई. पण माझी टोपी उजवीकडे झुकते."

"डावीकडे!"

"तुम्ही समोरून बघता म्हणून डावीकडे. इथे मी पाठमोरा आहे."

आत्यानं कात्री उचलली आणि स्टुलावर चढली. खालून भिंगरी ओरडत होती, "आणखी वर! नाही, तिकडे नाही, ते सलून आहे!" भावानं स्टूल धरलं, किल्लीवाला पडल्यापडल्या बोटानं दाखवत राहिला, आणि उसवलेल्या लोकरीचे तुकडे त्याच्या छातीवर पडत राहिले.