झोक्यावरचा आवाज

सिस्टरांच्या शाळेत पालकसभा असली की मी दाराजवळच्या बाकावर बसते. कुणी काही विचारायच्या आत निघता येतं. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, आणि जळगावात इतकी वर्षं काढूनही चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरकते. मुलगी माझ्यावरच गेली. तिसरीत होती तरी हजेरीला तोंड उघडायची नाही, नुसता हात वर करायची.

परीक्षा संपली की त्या शाळेत उन्हाळी शिबिर असतं, ऊन तापायच्या आत, सकाळी. भिंगाखाली कांद्याची साल बघायची, माती मळून पक्षी करायचे, बुद्धिबळ, गाणं, नाटक. हिने नाटकात नाव दिलं. मला वाटलं, चुकून दिलं.

"चुकून नाही," ती म्हणाली. "मला चिमणी व्हायचंय."

तहानलेली चिमणी दारोदार पाणी मागत फिरते आणि शेवटी नदीपाशी येते, असं ते नाटक. शिबिराच्या शेवटी हॉलमध्ये सगळ्या पालकांसमोर करायचं होतं. नाटक बसवणाऱ्या सिस्टर केरळकडच्या. मराठी मोजकं बोलतात, पण स्पष्ट. एक दिवस मी घ्यायला गेले तर म्हणाल्या, "चिमणी छान आहे हो. पण पाणी मागते ते फक्त तिलाच ऐकू येतं."

मी मुलीचा हात धरून निघाले. मग त्याच म्हणाल्या, "आखाजीला गावी जाणार ना? जाऊन या. आल्यावर मी हॉलच्या मागच्या भिंतीपाशी उभी राहीन. तिथे ऐकू आलं तर चिमणी हिचीच. नाहीतर हिला झाड करू. झाडाला बोलावं लागत नाही."

चोपड्याच्या एसटीत मुलगी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होती. मधेच म्हणाली, "आई, मला झाड नाही व्हायचं."

माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही लेकी माहेरी येतो, निंबाला झोके बांधतात, आणि झोक्यावर गाणी म्हणतो. आमच्या गावासमोर नाला आहे, उन्हाळ्यात कोरडाच. पल्याड दुसरं गाव, तिथेही झोके. इकडून ओळ गेली की तिकडून उत्तर यायला हवं. नाही आलं तर टोमणा. उत्तराविना राहील त्या गावाची हार.

मी झोक्यावर चढले तेवढ्यात पल्याडहून एक बाई ओरडली, "काय वं जळगाववाली, शहरमा आवाज इकी उनी का?"

आवाज विकून आले म्हणे! मी झोका घेतला आणि तिला असं उत्तर दिलं की आमच्या काकू टाळ्या पिटायला लागल्या. खाली उतरले तर मुलगी माझ्याकडे बघतच होती.

"आई, हा तुझा आवाज आहे?"

"मग कुणाचा?"

"घरी कुठे असतो?"

मी तिला झोक्यावर घेतलं. म्हटलं, ओरडायचं नाही, ओरडलं की आवाज फाटतो. झोका वर गेला की गोफणीतला खडा सोडतात तसा आवाज सोडायचा, पार पल्याड. पहिल्या दोन-तीन वेळा तो नाल्यातच पडला. मग एकदा सुटला. "नदीबाई, नदीबाई, पाणी देशील का?"

पल्याडहून लगेच आलं, "पाणी नई शे वं, ताक पी!"

ती इतकी हसली की झोक्यावरून पडता पडता वाचली. मग काय, जेवायलाही उतरेना. रस-पोळी गार झाली. एकदा पल्याडहून उत्तर आलं नाही, तर काकूंनी तिला शिकवलं, "गप्प नई बसनं. टोमणा मार."

परत आल्यावर सिस्टर खरंच मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुलगी बोलली, पण बोलताना झोक्यावर असल्यासारखी मागेपुढे डोलत होती. सिस्टर हसल्या. "चिमणीला वारा लागलाय. असू दे. ऐकू आलं."

नाटकाच्या दिवशी हॉल भरला होता. मी मागे, दाराजवळ. नदी झाला होता तिच्याच वर्गातला एक मुलगा, निळी साडी गुंडाळून. चिमणी त्याच्यासमोर आली, डोलली, आणि तिने पाणी मागितलं. शब्द न् शब्द माझ्यापर्यंत पोचला.

पण नदी बोलेचना. मुलगा समोरची गर्दी बघून थिजला होता. पडद्यामागून सिस्टर त्याला कुजबुजून सांगत होत्या, पण त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. मुलीने जरा वाट बघितली. मग कमरेवर हात ठेवून तिने टोमणा टाकला, "काय वं नदीबाई, आटी गई का तू?"

हॉल चिडीचूप. पुढे बसलेल्या सिस्टर एकमेकींकडे बघायला लागल्या.

आमच्या गावात टोमणा गेला की आपल्या बाजूच्या बायांनी मागून 'होऽऽ' अशी हुंकारी द्यायची असते, नाहीतर पोर एकटी पडते. मी विचार केला नाही. उभी राहिले आणि दिली, झोक्यावरून देतात तशी, लांब, भरून. लगेच डावीकडून एकीने दिली. मग पुढून दोघींनी. मग सगळा हॉल, हसू, टाळ्या. त्या आवाजाने नदी जागी झाली आणि त्याने दणक्यात सांगितलं, "घे गं चिमणे, पोटभर घे!"

नाटक संपल्यावर सिस्टर स्टेजवर आल्या. "मागून पहिला आवाज कुणाचा आला?"

सगळ्या माना वळल्या. माझा हात दारावर गेला. तेवढ्यात स्टेजवरून, कागदी चोच वर सारून, मागच्या भिंतीवर आदळेल अशा आवाजात मुलगी म्हणाली,

"ती माझी आई!"

मी दार सोडलं आणि पुढे गेले.