आईच्या खांद्यातली जाळी

रोवणीच्या दिवसांत, दिघोरीला, आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, आई घसरली आणि उजव्या हातावर पडली. महिनाभर तिनं तेल चोळून काढला. हात डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा मी साकोलीच्या ऑफिसातून रजा घेतली आणि तिला नागपूरला नेलं.

खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, फाटली होती. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "ती विरलीय. नुसती शिवली तर पुन्हा फाटायची भीती. वरून कोलाजेनची पातळ जाळी लावू. तिच्या आधारानं शरीर नवी कंडरा तयार करतं, जाळी हळूहळू विरघळून जाते."

"कशाची असते ती?"

"गाईच्या कंडरेपासून शुद्ध करून काढतात. आईंना नीट सांगा, मगच सही घ्या."

आई बाहेर बसली होती. अंड्याच्या वासानंही पदर नाकाला लावणारी बाई. नाही म्हणाली तर? हात कायमचा गेला तर?

"काय म्हने डॉक्टर?"

"खांद्यात जाळी लावणार आहेत."

"कायची?"

"रेशमाची," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचा चेहरा उजळला. "आपल्या कोशाच्या लुगड्यासारखी?" म्हणत तिनं सही केली.

ऑपरेशन झालं. हात गळ्यात बांधून ती गावभर सांगत सुटली, "माह्या खांद्यात कोसा आहे." ते ऐकलं की मी विषय बदलायचे. तिसऱ्या आठवड्यात खांदा सुजला, अंगात ताप भरला. तिच्या शरीरानं जाळी ओळखली आणि झिडकारली, असंच मला वाटत राहिलं. नागपूरच्या बसमध्ये मी तिला खरं सांगून टाकलं.

लाखनीचा थांबा गेला. मग म्हणाली, "मी हो म्हटलं असतं का नाही म्हटलं असतं, मलेच मालूम नाही. पन तू मले विचारलं काहून नाही?"

नागपूरला डॉक्टरांनी खांदा तपासला.

वरच्या टाक्यांत पू झाला होता, एवढंच निघालं. जाळी जागेवर होती. औषधांनी आठवड्याभरात सूज उतरली. पण मी फोन केला की पलीकडून फक्त "बरी आहो" यायचं. तिला ती जाळी आत सलत असेल का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती मात्र सांगितलेले व्यायाम एकही दिवस न चुकवता करत होती. सहा महिन्यांनी तिनं स्वतःच्या हातानं अंबाडा बांधला. कोशाचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही.

मागच्या महिन्यात तिला मोतीबिंदूसाठी नेलं. नाव पुकारल्यावर मीही उठले, तर तिनं हातानं थांबवलं.

"तू बस. डॉक्टरले मीच विचारीन."

दार लोटून ती आत गेली. आतलं काही ऐकू येत नव्हतं.