धसकटांना पाणी

आमची आत्या शिवणकाम करायची आणि उरलेला जीव गवतावरून ओवाळून टाकायची. शोभेचं गवत हो, गुरांचं नाही! घरामागे पुरुषभर उंचीचे ठोंब, वर रुपेरी तुरे. थंडीत सगळं वाळून पाचोळा झालं तरी ती कापू द्यायची नाही. शेजारीण म्हणायची, "अगं, काडी लाव त्या कचऱ्याला!" आत्याचं उत्तर ठरलेलं, "मेलं नाहीये ते, झोपलंय. ऊब आली की बुडातून फुटतं."

तिची बाजू घेणारा एकच माणूस, तिचा धाकटा भाऊ. म्हणजे माझे बाबा. त्यांना तिनेच लहानाचं मोठं केलेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना घराची किल्लीही तिने त्यांच्याच हातात दिली.

"थंडी सरली की वीतभर ठेवून काप. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

"ताई, तू निर्धास्त जा," बाबा म्हणाले.

ती परतली तर सगळे ठोंब कसे छान, सारखे कापलेले. बाई खूश! वाकायची बंदी होती, म्हणून काठी टेकून उभ्यानेच झारीने पाणी घालायची. शेजारच्या बागा हिरव्या झाल्या, हिच्याकडे मात्र एक कोंब दिसेना. "यंदा उशीर होतोय, ताई. पाणी कमी पडत असेल," असं म्हणत बाबा रोज संध्याकाळी झारी भरून द्यायचे.

शेवटी डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली. त्याच संध्याकाळी, बाबांच्या देखत, ती खाली बसली आणि तिने एका ठोंबाला हात घातला. अख्खा ठोंब हातात आला. खाली मूळच नाही! सुतळीने बांधलेली धसकटं, मातीत नुसती खोचलेली. एकामागून एक, सगळी तशीच.

बाबांनी आधी आढेवेढे घेतले, मग बोलले. ते नोकरी करायचे त्या हॉटेलच्या मालकाला दारात असंच गवत हवं होतं, आणि मॅनेजरची जागा रिकामी होती. मुळं तिकडे गेली, काड्या इथे राहिल्या. "नवीन रोपं आणून लावणारच होतो गं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सख्खा बाप, पण मला त्याची किळस आली.

आत्याने आरडाओरडा केला नाही. जुडी खाली ठेवली, हात झटकले.

"गवत नेलंस ते नेलंस. मागितलं असतंस तर मीच खणून दिलं असतं. पण रोज झारी का भरून देत होतास रे?"

बाबांच्या हातात तेव्हाही झारी होती, काठोकाठ भरलेली.