फुमीआजीच्या दारातला बर्फ

समजा, पहाटे साडेपाचला तुम्ही घराचं दार उघडलंत आणि बाहेर गुडघ्याच्या वर बर्फ आहे. त्याच्यापुढे, रस्त्याच्या कडेला, नगरपालिकेच्या नांगरगाडीनं जाताजाता लोटून ठेवलेला आणखी एक बांध. आठच्या आत तुम्हाला दारापासून रस्त्यापर्यंत वाट करायची आहे. पहिलं फावडं भरलंत. आता ते टाकणार कुठे? रस्त्यावर टाकता येत नाही, गाड्या घसरतात. डावीकडे एका शेजाऱ्याची हद्द, उजवीकडे दुसऱ्याची. स्वतःच्याच भिंतीला लावत गेलात तर आठवड्याभरात खिडकी बुजेल.

उत्तर जपानमधल्या ओतारूतल्या आमच्या चढावरच्या गल्लीत याचं उत्तर ठरलेलं आहे. गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट आहे, तिथे. फुमीआजीच्या दारापासून साठ पावलं. आजी म्हणते, बर्फ उचलणं हे काम नाहीच, बर्फ नेणं हे काम आहे.

काजितानी फुमी, वय शहात्तर. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचा भात शिजवला, त्यामुळे दंड अजून घट्ट. नवरा रेल्वेत होता, हिवाळ्यात रुळांवरचा बर्फ काढणाऱ्या टोळीत. त्याची एक पद्धत होती. वाटेच्या दोन्ही बाजूंचा बर्फ तो सरळ उभा कापत नसे, बाहेरच्या बाजूला उतरता कापायचा. उभा कापलेला काठ दुपारी मऊ झाला की ढासळतो आणि केलेली वाट पुन्हा बुजते. उतरता काठ टिकतो. मी यंत्रांच्या हिशेबात वाढलेला माणूस. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर आठ वर्षं राहतोय, आणि त्या काठाचा कोन मी एकदा खरंच मोजला होता. साठ अंश, दोन्हीकडे सारखा. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पण आजीच्या दारातला कोन बदललेला नाही.

तर गेल्या वर्षी मार्चमध्ये आजी घसरली आणि मनगट मुरगळलं. तिचा मुलगा शुन्जी सापोरोला असतो, नवव्या मजल्यावर. त्यानं खोली रिकामी करून ठेवली. तिथे लिफ्ट आहे, बर्फ काढायला कंपनीची माणसं येतात, आजीला खिडकीतून बघायचा तेवढा बर्फ. आजीनं नाही म्हटलं. मग दोघांत एक करार झाला, तोही भांडून. एक हिवाळा आजीनं एकटीनं काढायचा. कोणाची मदत घ्यायची नाही. फेब्रुवारीत, बर्फ सगळ्यात जास्त असतो तेव्हा, एका रविवारी शुन्जी येऊन बघणार. दार मोकळं असलं आणि आजी धड असली तर तो विषय पुन्हा काढणार नाही. नसली तर वसंतात सामान बांधायचं.

गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं. फक्त शेजारच्या घरात माहीत नव्हतं, कारण तिथे दरवर्षी नवी माणसं येतात. ते दोन मजली लाकडी घर विद्यापीठानं परदेशातून वर्षभरासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी भाड्यानं घेतलेलं आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे लोसालिनी आली. फिजीतल्या सुवाची, बावीस वर्षांची, खांद्यांनी रुंद, हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी. आजीनं पहिल्याच दिवशी तिची लोसा करून टाकली.

लोसानं आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फक्त माशांच्या पेटीत. पहिल्यांदा पडला त्या सकाळी ती स्लिपरांवर बाहेर येऊन तोंड वर करून उभी राहिली. आजीनं तिला आत हाकललं, नवऱ्याचे जुने गमबूट दिले आणि शिकवणी सुरू केली. ताजा बर्फ कसा घ्यायचा, बांधाची ढेकळं कशी फोडायची, काठ उतरता कसा कापायचा. दोन्ही हातांनी ढकलायचं मोठं पत्र्याचं फावडं कसं चालवायचं तेही. त्याला इथे आईचा डंपर म्हणतात, कारण घरातली आईसुद्धा त्यानं ट्रकभर बर्फ हलवू शकते. लोसा महिन्याभरात तयार झाली. विद्यापीठात ती बंदरं कशी बांधतात ते शिकत होती. तिथले धडे डोक्यावरून जातात, पण आजीचे कळतात, असं ती म्हणायची.

आणि मग जानेवारीत एका सकाळी लोसानं गुरुदक्षिणा द्यायचं ठरवलं. आजी उठायच्या आत तिनं आजीचं दार रस्त्यापर्यंत साफ करून टाकलं.

साडेपाचला आजीनं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. एक तर करार मोडला. दुसरं, इथे कोणी तुमच्यासाठी काही केलं की ते परत केल्याशिवाय घास उतरत नाही. आजीनं दुपारी मुळ्याचं लोणचं नेऊन दिलं. पण बर्फाची फेड लोणच्यानं होत नाही. दुसऱ्या दिवशी ती पाचला उठली आणि लोसाच्या घरासमोरचा सगळा बर्फ प्लॉटवर टाकून आली.

आता लोसा विचार करणारी मुलगी. तिनं काल आपण काय केलं आणि आज आजीनं काय केलं हे शेजारी शेजारी ठेवलं आणि निष्कर्ष काढला, की या देशात आपलं दार शेजाऱ्यानं साफ करायचं असतं आणि शेजाऱ्याचं आपण. तिला ही पद्धत फार आवडली. घरी आईला फोन करून सांगितली. आणि तिसऱ्या दिवशी साडेचारला उठली.

मग आजी सव्वाचारला. मग लोसा चारला. मी खिडकीतून हे सगळं बघत होतो आणि कोणालाच काही बोलत नव्हतो, याची मला थोडी लाज वाटते, पण थोडीच. आठव्या दिवशी दोघी तीनलाच आपापल्या फावड्यांसह समोरासमोर आल्या. एकमेकींना वाकून नमस्कार झाला. लोसा आजीच्या दारात कामाला लागली, आजी लोसाच्या. दोन्ही दारं चकाचक झाली, आणि तेवढ्यात गल्लीत नांगरगाडी शिरली. ती रोज चारच्या सुमारास येते. दोघी लवकर आल्या होत्या, गाडी नाही. ड्रायव्हरनं काच खाली करून दोघींकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि दोन्ही दारांत गुडघाभर बांध लोटून निघून गेला.

आजी फावड्यावर रेलून हसायला लागली. मग तिनं लोसाला घरात नेलं, स्टोव्हजवळ बसवलं, गरम चहा दिला आणि शुन्जीशी झालेला करार सांगितला. लोसाचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी रोज तुम्हाला सापोरोला पाठवत होते, आजी?"

"रोज एकेक स्टेशन," आजी म्हणाली. "अर्ध्या वाटेवर आलेच होते मी."

"आणि तुम्ही माझं दार का साफ करत होतात?"

"तू माझं करत होतीस म्हणून."

"मी तुमचं करत होते कारण तुम्ही माझं करत होतात."

"मग सुरुवात कोणी केली?" आजीनं विचारलं. "पी चहा."

त्या चहावर ठरलं, की ज्याचं दार त्यानं साफ करायचं, आणि सहाच्या आत कोणी फावड्याला हात लावायचा नाही. गल्लीला पुन्हा झोप मिळाली. आजीनं उरलेला जानेवारी एकटीनं काढला, फेब्रुवारीचा पहिला आठवडाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज एक गोल काढत होती.

शुन्जी येणार त्या रविवारच्या आदल्या रात्री सतत बर्फ पडला. सकाळी माझ्या खिडकीच्या कठड्यावर चाळीस सेंटिमीटर होता. आजीचं अंगण चार मीटर रुंद, पाच मीटर लांब. ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास धरला तरी आठशे किलो झाले, बांध वेगळा. आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज ऐकल्यापासूनच आजी खुशीत होती. याहून चांगली परीक्षा कुठली, असं म्हणत होती.

सहाला तिनं दार उघडलं. अंगण साफ होतं. पार रस्त्यापर्यंत, बांधासकट. वर फक्त बोटभर नवा बर्फ.

ती तशीच शेजारी गेली आणि दारावर थापा मारल्या. लोसा रजई गुंडाळून बाहेर आली.

"आजच्या दिवशी तरी गप्प झोपायचं होतंस," आजी म्हणाली.

लोसाला आधी काही कळेना. मग तिनं अंगण बघितलं आणि आईची शपथ घेतली. मी नाही, आजी, माझे गमबूट बघा, कोरडे आहेत. गमबूट खरंच कोरडे होते. तोवर मी खाली उतरलो होतो. आजीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीही माझे बूट दाखवले.

"आता तो येणार, मोकळं अंगण बघणार आणि विचारणार, आई, तू काढलास?" आजी पायरीवर बसली. "हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर मदत घेतली. दोन्हीकडून नववा मजला."

लोसानं प्लॉटकडे बोट केलं. "आजी," ती म्हणाली, "बर्फ कुठे गेलाय ते आपल्याला माहीत आहे."

सांगायला सोपं वाटतं. पण साठ पावलांवरून बर्फ परत आणणं म्हणजे उलटी मजुरी, आणि आणलेला बर्फ पडलेल्या बर्फासारखा दिसत नाही, ढेकळांसारखा दिसतो. लोसा आणि मी डंपर भरभरून आणत होतो. आजी झाडूनं ढेकळं फोडून सारखी करत होती, भात मोकळा करावा तशी. बर्फ अजून भुरभुरत होता, त्यानं वरून हात फिरवला. रस्त्याकडेला आम्ही बांधसुद्धा घातला, नांगरगाडीहून सुबक. मध्येच मला शंका आली आणि मी विचारलं, की ही फसवणूक नाही ना.

"कसली फसवणूक?" आजी म्हणाली. "माझाच बर्फ आहे."

नऊला सगळं तयार झालं. लोसा आणि मी आपापल्या घरात गेलो. आजीनं चहा घेतला, मफलर बांधला आणि पावणेदहाला कामाला लागली.

दहाला शुन्जी चढ चढून आला. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. स्टेशनवरून चालत आलो म्हणाला. फाटकाशी थांबून तो आईकडे बघत राहिला. आजीनं थोडीच वाट केली होती. ती डंपर अर्धाच भरायची, गुडघे वाकवून ढकलायची, साठ पावलं जायची आणि परतताना श्वास घ्यायची. मध्ये एकदा शुन्जीनं हात पुढे केला. आजीनं डंपर दिला नाही. तासाभरात रस्ता लागला. शेवटी तिनं दोन्ही काठ कापून घेतले, उतरते.

शुन्जीनं वाकून त्या काठावरून तळवा फिरवला. "बाबांचाच हात," एवढंच म्हणाला.

जेवायला भात होता, खारवलेला मासा, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं गरम सार. लोसाला हाक मारली होती, मलाही. शुन्जी नवव्या मजल्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. आजीही नाही. निघताना बूट घालता घालता त्यानं विचारलं, की हा डंपर जड नाही का, आता हलक्या पत्र्याचे मिळतात, पुढच्या हिवाळ्याआधी एक पाठवतो. आजीनं बरं म्हटलं. तो चढाखाली दिसेनासा होईपर्यंत ती सरळ उभी होती. मग तिनं आत जाऊन कॅलेंडरवर गोल काढला, नेहमीपेक्षा मोठा.

हलका डंपर सप्टेंबरमध्ये आला. लोसा त्याआधीच सुवाला परतली होती. आता ती दर रविवारी फोनवर आजीला दिसते, मागे समुद्र असतो, आणि आजी तिला बर्फ किती पडला ते सेंटिमीटरमध्ये सांगते. पण त्याआधी दोघींचं एकच बोलणं असतं, शुन्जीच्या हातमोज्यांचं.

त्या रविवारी शुन्जी गेल्यावर आजी स्टोव्हजवळचं आवरायला गेली, तेव्हा वाळत ठेवलेले त्याचे हातमोजे तिथेच राहून गेले होते. आतल्या अस्तरापर्यंत अजून चिंब. स्टेशनवरून चालत येणाऱ्याचे हातमोजे तसे भिजत नाहीत. आणि मग तिला आठवलं, की सकाळी सहाला दार उघडलं तेव्हा अंगण नुसतं साफ नव्हतं, काठही कापलेले होते, दोन्हीकडे उतरते. तसा काठ कापायला तिनं दोघांनाच शिकवलं. एक लोसा. दुसरा दहा वर्षांचा असताना शिकला होता.

शुन्जीला ती विचारू शकत नाही. विचारलं तर परत आणलेल्या बर्फाचं सांगावं लागेल. त्याला डंपरबद्दल आभाराचं पत्र लिहिलं, त्यातही तिनं हवापाणीच लिहिलं. पण मी संध्याकाळी भाजी द्यायला गेलो की ती हातातलं काम थांबवून मलाच विचारते. "समज, पहाटे तोच आला होता. काम झाल्यावर दहापर्यंत तो गेला कुठे? आपण तिघं माझा बर्फ परत आणून टाकत होतो, तेव्हा तो कुठे उभा होता?"